ट्रीटमेंट चालू असताना मन खचतंय का, हे कसं ओळखायचं

मूल होत नाही म्हणून ट्रीटमेंट सुरू झाली की बायकोच्या नावाची फाईल जाड होत जाते. खचतात मात्र दोघंही. ती रडते, म्हणून तिचं कळतं. तो चिडतो, पिणं वाढवतो, मुद्दाम शेवटची लोकल पकडून घरी येतो; त्याला कुणी डिप्रेशन म्हणत नाही. म्हणून तपासायचं दोघांनाही.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासायची प्रश्नावली घ्या. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकमेकांची उत्तरं न बघता वेगवेगळी भरा. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. मुंबईत केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६: मोफत, २४ तास, मराठीतही.

इथे एक घोळ होतो. गर्भ टिकावा म्हणून दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चालू असताना झोप, थकवा, रडवेपणा येऊ शकतो आणि गुण वाढतात. कागदावर तारखेखाली चालू औषधं लिहा, २ आठवड्यांनी पुन्हा भरा. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्या. थायरॉईड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो.

पुरुषांनी मरगळ घालवायला जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन कधीही घेऊ नये. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू तयार होणंच घटतं, कधी शून्यावर येतं. भरून यायला महिने लागतात.

डिप्रेशनची गोळी आधीपासून चालू असेल तर ‘आता बाळासाठी’ म्हणून परस्पर बंद करू नका. मानसोपचाराच्या आणि ट्रीटमेंटच्या, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही प्रिस्क्रिप्शनं दाखवा. गरज पडली तर ते बदलतील.

सगळ्यात वाईट दिवस बीटा एचसीजीच्या, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टचा. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट दुपारी मोबाईलवर येऊ शकतो, नेमकं गर्दीच्या डब्यात दारापाशी उभं असताना. आदल्या रात्रीच ठरवा: रिपोर्ट एकाच नंबरवर मागवायचा, संध्याकाळी घरी दोघांनी मिळून उघडायचा. सासूबाईंना कोण सांगणार, तेही तेव्हाच ठरवा. शक्यतो नवऱ्यानेच सांगावं.

त्या आठवड्यात कुणाचं डोहाळजेवण असेल तर जाऊ नका. ‘तब्येत बरी नाही’ एवढं पुरे, आणि ते खरंच आहे.