स्कुबा शिकताना फुफ्फुसांबद्दल मला उशिरा कळलेलं

स्कुबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन पाण्याखाली जायच्या, कोर्सच्या फॉर्मवर "दमा होता का?" असं विचारलेलं आणि मी सरळ 'नाही'वर टिक करणार होतो, कारण लहानपणीचा पंप सुटून कितीतरी वर्षं झाली होती. पण खरं लिहिलं आणि बरं झालं. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करायला लावली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, टेक्निशियन "अजून, अजून, सोडू नका" ओरडतेय आणि आपल्या डोळ्यांपुढे काजवे! त्यात एकूण किती हवा बाहेर पडते आणि पहिल्या सेकंदात किती, हे बघतात. माझे आकडे ठीक निघाले म्हणून परवानगी मिळाली.

मला भीती खोल पाण्याची होती, पण गडबड झाली ती पूलमध्ये, दोनच मीटरवर. मास्क काढायच्या सरावात नाकात पाणी गेलं, घाबरून श्वास कोंडला आणि वर सुटलो, तर इन्स्ट्रक्टरने फिनला (पायात घालायच्या रबरी वल्ह्याला) धरून थांबवलं आणि ओठांसमोर बोटांनी बुडबुडे सोडायची खूण केली. नंतर समजावलं की १० मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात तर ती दुप्पट जागा मागते. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हीच वाढ फक्त एक तृतीयांश. म्हणजे खरा धोका वरच्याच थरात, आणि छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटरसुद्धा फुफ्फुस फाटायला पुरतो.

दुसरं म्हणजे हवा वाचवायला श्वास रोखून रोखून घेऊ नका, मी केलंय, कार्बन डायऑक्साइड साठून डोकं ठणकतं आणि धाप लागते ती वेगळीच. ३० मीटरवर हवा चौपट दाट असते, ती ओढायलाच मेहनत लागते, तिथे जोरजोरात फिन मारणं म्हणजे वेडेपणा. सिलेंडरची हवा कोरडी पण असते, दमेकऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलताना काढाच.

कायमचं नुकसान होतं का, हे सगळे विचारतात. हौशी डायव्हिंगने सहसा फार काही दिसत नाही. काही अभ्यासांत बारीक श्वासनलिकांमधला हवेचा वेग किंचित कमी आढळलाय, काहींत तोही नाही. सिगरेट ओढत असाल तर आधी तिची काळजी करा राव.

आणि छातीत कफ असेल तर डाइव्ह रद्द, पैसे गेले तरी. अडकलेल्या कफामागे हवा कोंडते, मग तुम्ही श्वास चालू ठेवून उपयोग नाही.