आजी गप्पांतून बाजूला पडू नयेत म्हणून
घरात सगळे हसत असतात आणि आजी गप्प बसून राहतात. मग हळूहळू बैठकीत यायचंच सोडतात. त्याला स्वभाव म्हणण्याआधी कान तपासून घ्या.

उतारवयात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. म्हणून ओरडून उपयोग नसतो. ओरडताना स्वर तेवढे मोठे होतात आणि समोरच्याला वाटतं, आपल्यावर डाफरताहेत.

आधी टीव्ही बंद करा. समोर 3-4 फुटांवर बसा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको. उजेड चेहऱ्यावर हवा, ओठ दिसले पाहिजेत. विषय आधी सांगा: "आजी, लग्नाच्या तारखेचं बोलतोय." कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. "जाऊ दे, काही नाही" मात्र कधीच म्हणू नका, माणूस तिथेच तुटतो.

कधी नुसता मळ साचलेला असतो. काडी घातली तर तो आणखी आत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्या.

श्रवणयंत्र घेतलंत तर सुरुवातीला शांत खोलीत रोज 1-2 तास, मग वेळ वाढवत न्या. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये लावलं की गोंगाट असह्य होतो आणि यंत्र कपाटात जातं. पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत ठेवा. यंत्राची बॅटरी बदलता येणारी असेल तर तिच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवा.