बडोद्यात कॉलेजची फी: एमवायएसवायचा अर्ज भरताना

कॉलेजच्या फीसाठी मदत देणाऱ्या गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला (एमवायएसवाय) गुजरात बोर्डाच्या बारावीत 80 पर्सेंटाइल लागतात, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी 80 टक्के मुलं तुमच्या मागे हवीत. टक्के नव्हेत! 70 टक्केवालाही बसू शकतो, म्हणून गुणपत्रिकेवरचा पर्सेंटाइल रँक आधी पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत हवं.

मदत शिकवणी फीच्या निम्मी किंवा ठरलेली कमाल, यात जे कमी असेल ते: इंजिनिअरिंगला 50 हजार, बीकॉम-बीएला 10 हजार. सयाजीराव विद्यापीठात फी 8 हजार असेल, तर हाती 4 हजारच येतील. पूर्ण 10 हजार धरून बसू नका.

उत्पन्नाचा दाखला (इथल्या भाषेत ‘आवकनो दाखलो’) मामलतदार कचेरीतून प्रवेशाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये रांगा लागतात. अर्ज ऑनलाइन भरून प्रिंट काढायची आणि मूळ कागदांसह मदत केंद्रावर तपासून घ्यायची. नुसता ऑनलाइन भरलेला अर्ज अपुराच.

खरी अडचण नावाची आणि खात्याची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. स्पेलिंग तरी सगळीकडे एकच ठेवा. खातं विद्यार्थ्याच्याच नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाला 50 टक्के गुण, 75 टक्के हजेरी.