अँड्रॉइड बॉक्समधून चांगल्या दर्जाचे संगीत कसे ऐकावे

टीव्हीला जोडलेल्या अँड्रॉइड बॉक्सवर गाणी लावल्यावर आवाज बसका किंवा खरखरीत वाटला, तर पुष्कळ जण आधी नवे स्पीकर घ्यायला निघतात. दोष मात्र अनेकदा बॉक्सच्या मागच्या 3.5 मिलिमीटरच्या एव्ही जॅकमध्ये असतो. स्वस्त बॉक्समध्ये डिजिटल ध्वनीचे अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा भाग प्रोसेसर व वाय-फायच्या शेजारीच बसवलेला असतो आणि त्यांची कुरकुर गाण्यात उतरते. म्हणून ध्वनी बॉक्समधून डिजिटल स्वरूपातच बाहेर काढावा आणि रूपांतराचे काम डॅक नावाच्या वेगळ्या उपकरणावर सोपवावे.

त्यासाठी प्रथम बॉक्सची मागची बाजू पाहावी. गोल किंवा चौकोनी ऑप्टिकल सॉकेट असल्यास त्यातून केबल डॅकला किंवा अॅम्प्लिफायरला जोडावी. ते नसल्यास एचडीएमआयने टीव्हीपर्यंत जाऊन टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून पुढे जाता येते. तिसरा मार्ग यूएसबी डॅकचा, आणि माझ्या मते संगीतासाठी तोच उत्तम. मात्र बॉक्सच्या पोर्टमधून डॅकला पुरेशी वीज न मिळाल्यास आवाज मध्येच तुटतो. अशा वेळी स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा. ऑप्टिकल केबल, हब यांसारख्या वस्तू पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधता येतील. साध्या ऑप्टिकल केबलवर फार पैसे घालवू नयेत.

जोडणी झाल्यावर सेटिंग्ज तपासाव्यात. ऑप्टिकल मार्ग वापरताना बॉक्स आणि टीव्ही या दोन्हींवर डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल ध्वनी) ठेवावे, कारण साध्या डॅकला डॉल्बी संकेत कळत नाही आणि तो गप्प बसतो. बॉक्सचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त अॅम्प्लिफायरवरच करावे. इक्वलायझर आणि ‘सराउंड’ परिणाम बंद करावेत.

आता थोडा बारकावा. सीडीवरील ध्वनीचे नमुने सेकंदाला 44,100 असतात, तर अँड्रॉइडचा मिक्सर सर्व अॅप्सचा आवाज एकत्र करताना तो बहुतेक बॉक्सवर 48,000 नमुन्यांत बदलतो. हा बदल नीट झाला तर कानाला सहसा जाणवत नाही, त्यामुळे त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. तरीही मूळ फाइल जशीच्या तशी डॅकपर्यंत जावी अशी इच्छा असेल, तर स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेले ‘यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो’सारखे अॅप वापरून मिक्सर टाळता येतो. फाइल मात्र फ्लॅकसारख्या, माहिती न गाळणाऱ्या स्वरूपात असावी. कमी बिटरेटच्या एमपी3 मधून जे गळून गेले, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही.

जोडणीनंतर संथ घुमणारा आवाज येत असेल, तर तो बहुधा घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा असतो. आमच्याकडे असाच त्रास झाला तेव्हा मी दोन वेळा प्लग उलटसुलट करून पाहिले; शेवटी टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढली आणि घुमणे तत्काळ थांबले. त्या वायरीच्या आवरणातून आणि घरच्या अर्थिंगमधून मिळून प्रवाहाचे वर्तुळ तयार होते. उपाय म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणे धोक्याचे आहे, ते कदापि करू नये. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जात असल्याने ते वर्तुळ तिथेच तुटते.

शेवटी परीक्षा घ्यावी. ढोल-ताशापेक्षा तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण यासाठी अधिक उपयोगी पडते. सवाई गंधर्व महोत्सवात तानपुरा प्रत्यक्ष ऐकलेल्या पुणेकराला त्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकारता नाद, कशी असते हे सांगावे लागत नाही. ती सुटी आणि झगमगीत न येता एकसलग गुंजनासारखी ऐकू आली, तर एव्ही जॅकची वायर अजून अॅम्प्लिफायरमध्ये तशीच राहिली आहे का, हे आधी पाहावे.