समांतर रेषांचा चढ कसा काढावा

समांतर रेषा क्ष-अक्षाशी सारखाच कोन करतात, म्हणून त्यांचा चढ सारखा असतो. दोन्ही चढ काढायचे आणि ताडून पाहायचे, एवढेच काम. चुका होतात त्या चिन्हांत.

समीकरण दिले असेल तर य एकटा करा. उदा. ४क्ष − ६य + ९ = ०. पक्षांतर केल्यावर −६य = −४क्ष − ९. आता प्रत्येक पदाला −६ ने भागा: य = (२/३)क्ष + ३/२. क्ष चा सहगुणक २/३, तोच चढ. मूळ समीकरणातला ४ हा चढ नव्हे. य एकटा होईपर्यंत सहगुणक उचलायचा नाही.

याला समांतर आणि (३, −१) मधून जाणारी रेषा हवी असेल, तर क्ष आणि य ची पदे तशीच ठेवून फक्त स्थिरपद बदला: ४क्ष − ६य + क = ०. बिंदू घातला की १२ + ६ + क = ०, म्हणजे क = −१८. २ ने भागून २क्ष − ३य − ९ = ०. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही वाट सोपी.

दोन बिंदू दिले असतील तर य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागा. (−२, ५) आणि (१, −१) साठी: (−१ − ५) / (१ − (−२)) = −६/३ = −२. अंशात ज्या बिंदूपासून वजाबाकी सुरू केली, छेदातही त्याच बिंदूपासून करा. क्रम उलटला की चढ +२ येतो. ऋण निर्देशक नेहमी कंसात लिहा.

आता (२, −३) आणि (४, −७) घ्या. चढ पुन्हा −२. पण या रेषा समांतर नाहीत! (१, −१) आणि (२, −३) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढही −२ च येतो, म्हणजे चारही बिंदू एकाच रेषेवर आहेत. चढ सारखा आला की एका रेषेवरचा बिंदू दुसरीच्या समीकरणात घालून पाहा. समीकरण खरे ठरले तर रेषा एकच.

छेद ० आला तर चढ ० लिहू नका. क्ष = ३ आणि क्ष = ७ या उभ्या रेषांचा चढ ठरवताच येत नाही, तरी त्या समांतर आहेत. चढ ० असतो तो आडव्या रेषेचा.

अपूर्णांक दशांशात बदलू नका. य = (२/३)क्ष आणि य = ०.६६क्ष + १ या रेषा आलेखावर समांतर भासतील, पण क्ष = १५० ला त्या एकमेकींना छेदतात.