फोर्थमध्ये स्ट्रिंगची संख्या करताना

फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) स्टॅकवर, म्हणजे मूल्ये एकावर एक ठेवायच्या चळतीवर, दोन खाने घेते: खाली मजकुराचा पत्ता, वर लांबी. तिची संख्या करायला १९९४ च्या आन्सी (अमेरिकी मानक संस्था) प्रमाणात >नंबर हा शब्द (फोर्थमधली आज्ञा) आहे. (कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना रोमन स्पेलिंगच हवे.)

0 0 एस" 123" >नंबर 2ड्रॉप ड्रॉप .

एस" नंतरची मोकळी जागा वगळू नका, नाहीतर फोर्थ तो शब्दच ओळखत नाही. >नंबर नंतर स्टॅकवर चार खाने असतात: दुहेरी (दोन खान्यांच्या) संख्येचे दोन अर्धे, उरलेल्या मजकुराचा पत्ता आणि उरलेली लांबी. 2ड्रॉपने मजकूर जातो, ड्रॉपने संख्येचा वरचा अर्धा, आणि . हा शब्द उरलेली संख्या छापतो.

सुरुवातीची दोन शून्ये विसरणे ही नेहमीची चूक. >नंबर प्रत्येक अंकाला आधीच्या संख्येला बेसने (अंकपद्धतीच्या पायाने, सहसा दहाने) गुणतो आणि अंक मिळवतो. शून्यांच्या जागी 5 0 असेल, तर 123 ऐवजी 5123 येते आणि कुठलीही तक्रार होत नाही. स्ट्रिंग आधीच स्टॅकवर असेल, तर 0 0 2स्वॅप लिहा. बेसही तपासा: हेक्स (बेस सोळा) चालू राहिले असेल तर "10" चे सोळा होतात.

>नंबर चूक सांगत नाही, फक्त थांबतो. "12.5" दिले की 12 देतो आणि उरलेली लांबी 2. म्हणून ती टाकण्याआधी शून्य आहे का, ते पाहाच. उणे चिन्हावरही तो असाच अडतो. ते आधी काढून ठेवा:

: संख्या ( पत्ता लांबी -- न झेंडा )
  ओव्हर सी@ 45 = डुप >आर इफ 1 /स्ट्रिंग देन
  0 0 2स्वॅप >नंबर निप 0= निप
  स्वॅप आर> इफ निगेट देन स्वॅप ;

45 हा उणे चिन्हाचा आस्की क्रमांक. झेंडा म्हणजे सगळा मजकूर वाचला गेला का, हे सांगणारे खरे किंवा खोटे. रिकामी स्ट्रिंग या शब्दाला देऊ नका, लांबी आधी तपासा. नुसते "-" दिले तरी 0 आणि खरा झेंडा मिळतो, तेही अडवायला हवे.

१६ बिटांच्या फोर्थवर जास्त सांभाळा. "70000" चा वरचा अर्धा टाकला की हाती 4464 राहतात. "40000" चा वरचा अर्धा शून्यच असतो, तरी . ते -25536 छापतो. म्हणून वरचा अर्धा डोळे झाकून टाकू नका, आणि चिन्हासह संख्या हवी असेल तर 32767 ची मर्यादाही तपासा.

वापरणाऱ्याने दिलेला मजकूर इव्हॅल्युएटला देऊन संख्या काढू नका. त्यात शब्द असले, तर ते चालवले जातात.

मराठी आकड्यांचे वेगळेच आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत "१२३" ची लांबी ९ बाइट असते आणि >नंबर पहिल्याच बाइटवर अडतो. प्रत्येक आकड्याचे पहिले दोन बाइट 224 आणि 165. तिसऱ्यातून 166 वजा केले की अंक मिळतो. तीन-तीन बाइट पुढे सरकत, आधीच्या संख्येला दहाने गुणून तो मिळवत जा.