दोन पार्ट टेकतात तिथे ऑटो इम्प्रिंट कसं करायचं (आणि बटन दाबायच्या आधी काय करायचं)

नाशकात अंबड-सातपूरकडे स्विचगियर आणि पॅनलची कामं भरपूर, त्यामुळे अ‍ॅनालिसिसला येणारी निम्मी मॉडेलं बसबारचीच (पॅनलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचीच) असतात, म्हणून उदाहरण पण तेच घेतो. तांब्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येक ५० मिमी रुंद, १० जाड, ४०० लांब, टोकाला ६० मिमी एकमेकींवर चढवलेल्या आणि दोन एम१२ बोल्टनी आवळलेल्या. स्टेप फाइल (३डी मॉडेलची फाइल) उघडली की सगळं छान दिसतं, पण खालच्या पट्टीचा वरचा फेस (पृष्ठभाग) सॉफ्टवेअरसाठी अख्खा एकच फेस आहे, वरची पट्टी त्यावर कुठे सुरू होते कुठे संपते हे त्याला माहीतच नाही, मग मेश केला (हिशोबासाठी मॉडेलचे बारीक तुकडे पाडले) की एलिमेंट, म्हणजे ते तुकडे, त्या रेषेवर तुटत नाहीत, अर्धा एलिमेंट कॉन्टॅक्टखाली आणि अर्धा बाहेर उघड्यावर.

ओल्या बुडाचा चहाचा ग्लास टेबलावर ठेवून उचलला की गोल डाग राहतो ना, इम्प्रिंट म्हणजे तेवढंच. वरच्या पार्टची कड खालच्या फेसवर उमटते आणि त्या रेषेवर फेसचे दोन तुकडे होतात. मटेरियल कुठे वाढत नाही कमी होत नाही.

आता हे आकडे आधीच कागदावर काढून ठेवा, नंतर लागणारेत. पट्टीचा फेस ४०० गुणिले ५० म्हणजे २०,००० चौ. मिमी, त्यातून १३.५ मिमीची दोन भोकं वजा, एकेक साधारण १४३, म्हणजे राहिले १९,७१४. इम्प्रिंटनंतर याचे दोन तुकडे व्हायला पाहिजेत: एक २,७१४ चा (६० गुणिले ५० वजा भोकं) आणि एक १७,००० चा. वॉशरचं पण तसंच, एम१२ चा साधा वॉशर बाहेरून २४ मिमी आणि आतून १३, पण पट्टीचं भोक १३.५ आहे म्हणून पट्टीवर उमटणारी चकती ३०९ च्या आसपास येते, वॉशरची स्वतःची ३२० येते, हा फरक बघून घाबरू नका.

बटन दाबायच्या आधी एक ठरवा, नुसतं इम्प्रिंट पाहिजे का शेअर टोपोलॉजी. नवीन पोरं इथेच गोंधळतात, कारण दोन्ही केल्यावर स्क्रीनवर सारखंच दिसतं. नुसत्या इम्प्रिंटमध्ये दोन फेस वेगळेच राहतात, फक्त आकार सारखा होतो, मध्ये कॉन्टॅक्ट (हे दोन फेस टेकलेत हे सॉफ्टवेअरला सांगणारी जोडणी) तुम्हाला द्यावाच लागतो आणि नोड, म्हणजे एलिमेंटचे कोपरे, एकावर एक बसतीलच याची गॅरंटी नाही. शेअरमध्ये दोन फेसचा एकच फेस होतो, नोड कॉमन, कॉन्टॅक्टची गरज नाही, पण मग तो जॉइंट एकजीव झाला, घसरणार नाही, उघडणार नाही, आणि थर्मलमध्ये त्याचा रेझिस्टन्स शून्य. बोल्ट मारलेल्या जॉइंटला ते खरं नाही. तांब्याचे दोन फेस प्रत्यक्षात अख्ख्या २,७१४ चौ. मिमीवर टेकतच नाहीत, खडबडीतपणामुळे थोड्याच ठिकाणी टेकतात, किती ते बोल्ट किती आवळला त्यावर. म्हणून पॅनलचं टेंपरेचर राइज काढायचं असेल तर माझं मत सरळ आहे, बोल्टेड जॉइंटला इम्प्रिंट करा आणि कॉन्टॅक्टमध्ये थर्मल कंडक्टन्सची व्हॅल्यू टाका. ब्रेझ केलेलं, वेल्ड केलेलं, रेझिनमध्ये ओतलेलं असेल तर बिनधास्त शेअर.

आता साफसफाई, खरा वेळ इथेच जातो. आधी बोल्टचे आटे उडवा, कोरलेले नंबर उडवा. मग टेकणाऱ्या कडेचे बारीक फिलेट आणि चॅम्फर काढा, नाहीतर पट्टीचा ठसा चारी बाजूंनी अर्धा मिमी आत सरकतो आणि वरचा हिशोब जुळत नाही. मग इंटरफेरन्स चेक करा, एक पार्ट दुसऱ्यात घुसलेला असेल तर इम्प्रिंट कुठल्या फेसवर उमटवायचं हेच कळत नाही. आणि शेवटी गॅप, सगळ्यात जास्त रडवतो तो हाच. ड्रॉइंगवाल्याने मेट (दोन पार्ट नेमके टेकवायची अट) न लावता पार्ट नुसता नजरेने आणून ठेवलेला असतो, मध्ये ०.०३ मिमी फट, झूम करून पण दिसत नाही. मेजर टूलने दोन्ही फेसमधलं अंतर बघा. शून्य नसेल तर स्पेसक्लेममध्ये (मॉडेल साफ करायचं सॉफ्टवेअर, मी हेच वापरतो) पुल टूल घ्या, फेस निवडा, अप टू दाबा आणि समोरच्या फेसवर क्लिक करा, फट गेली. टॉलरन्स (किती फट असली तरी टेकलेलं धरायचं ती मर्यादा) वाढवून फट झाकायचा शॉर्टकट मी टाळतो, कारण तो एका जॉइंटसाठी वाढवला की शेजारी मुद्दाम ठेवलेली क्लिअरन्स पण चिकटू शकते.

एवढं झालं की बटन. स्पेसक्लेममध्ये प्रीपेअर टॅबला इम्प्रिंट आहे, दाबलं की जिथे जिथे पार्ट टेकतात ते सगळं हायलाइट होतं, नको ते वगळायचं आणि हिरव्या टिकवर क्लिक. शेअर पाहिजे असेल तर वर्कबेंच टॅबला शेअर, पद्धत तीच. बोल्टची दांडी आणि भोक एकाच डायमीटरने काढलेलं असेल तर ते पण यादीत येतं, खरं तर तिथे फट असते, म्हणून ते न विसरता वगळा.

बाकी सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो. क्युबिटमध्ये इम्प्रिंट ऑल आणि मग मर्ज ऑल, याच क्रमाने, आधी मर्ज केलं तर फेस जुळतच नाहीत म्हणून काही होत नाही. कॉमसोलमध्ये फॉर्म युनियन ठेवलं तर शेअरसारखं होतं, फॉर्म असेंब्ली घेतलं तर तिथे क्रिएट इम्प्रिंट्सचा चेकबॉक्स चालू करा. फ्रीकॅडवाल्यांनी बूलियन फ्रॅगमेंट्स.

झालं की लगेच मेशकडे पळू नका. फेसवर क्लिक करून एरिया वाचा, २,७१४ आणि १७,००० आले का? अजून १९,७१४ दिसत असेल तर उमटलंच नाही. तिसराच कुठला ०.०५ मिमी रुंदीचा चिंचोळा तुकडा निघाला असेल तर दोन कडा जवळपास एका रेषेत होत्या पण नेमक्या नव्हत्या, त्या तुकड्यामुळे मेशर तिथे हजारो बारके एलिमेंट ठोकतो. नुसता तो तुकडा पुसून उपयोग नाही, मूळ कड सरकवून एका रेषेत आणा आणि परत इम्प्रिंट करा.

हे एरियाचं वेड मला लागलं त्याला कारण आहे. एका पॅनलमध्ये मी सगळं शेअर केलं आणि आता कशाला पाहिजेत म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप लावलेले ऑटो कॉन्टॅक्ट सगळे डिलीट केले, एका जॉइंटला तीच ०.०३ ची फट होती, तिथे शेअर झालंच नव्हतं. रिझल्टमध्ये एक पट्टी लालभडक आणि तिला टेकलेली शेजारची थंडगार. सोबतचा म्हणाला, भो, हे तांबं आहे का लाकूड? अख्खा दिवस मटेरियल प्रॉपर्टी तपासण्यात गेला. सेक्शन प्लेन लावून मेश बघितला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं, शेअर झालेल्या जागी दोन्ही बाजूंचे नोड एकाच रेषेत येतात, तिथे ते आपापल्या वाटेने चालले होते.

नेम्ड सिलेक्शन (निवडलेल्या फेसना दिलेलं नाव), लोड, कन्व्हेक्शनचे (हवेने थंड होणारे) फेस हे सगळं इम्प्रिंटनंतरच द्या. आधी दिलं तर फेसचे तुकडे झाल्यावर ते कुठल्या तुकड्याला चिकटून राहील सांगता येत नाही, आणि कन्व्हेक्शन चुकून झाकलेल्या २,७१४ वाल्या फेसवर पण लागलं तर जॉइंटमध्ये वारा खेळतोय असा रिझल्ट येतो. डिझाइनवाल्याने भोक दोन मिमी सरकवून नवीन फाइल पाठवली की इम्प्रिंट परत पहिल्यापासून, म्हणून स्पेसक्लेममध्ये हे सगळं करताना स्क्रिप्ट रेकॉर्ड करून ठेवा, फक्त दुसऱ्यांदा चालवल्यावर एरिया परत वाचा, कारण नवीन फाइलमध्ये फेसचे नंबर बदललेले असू शकतात.